खाणीतला दगड देवळात येईपर्यंत



देवळाचे काम सुरू असले म्हणजे पारावर एक प्रश्न हमखास निघतो, "महिना झाला, अजून दगडच घडताहेत?" प्रश्न वर्गणीच्या पैशाचा असतो, तेव्हा विचारणाऱ्यावर रागावून उपयोग नाही. दगडाला वेळ का लागतो हे सर्वांस समजावे, एवढ्यासाठीच हे चार शब्द.

आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला. प्रत्येक थराच्या वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे राहिले, म्हणून तिथला दगड भोकाभोकांचा. मधल्या अंगाचा दगड घट्ट व एकजीव, आणि देवळाला तोच पाहिजे. म्हणजे आधी माती, मग मुरूम, मग वरचा कुजका खडक काढावा, तेव्हा कामाचा दगड हाती लागतो. ही मेहनत पुढे देवळात कोणाला दिसत नाही.

सुरुंग लावला की दगड झटपट निघतो हे खरे. पण त्या हादऱ्याने आत केसासारख्या चिरा पडतात. असा दगड रस्त्याच्या खडीला ठीक, खांबाला किंवा तुळईला नव्हे. म्हणून जाणता वडार आधी खडकाची नैसर्गिक सांध पाहतो. तिच्या अंदाजाने ओळीत भोके पाडतो, त्यांत पोलादी पाचरी बसवतो आणि घणाने प्रत्येक पाचर थोडी थोडी ठोकत जातो. एकाच पाचरीवर जोर दिला तर दगड भलतीकडे फाटतो. आवाज बदलला की हात आवरायचा. पुढचे काम दगड स्वतःच करतो.

निघालेल्या दगडाची पारख कानाने होते. हातोडी मारल्यावर खणखणला तर चांगला, बद्द वाजला तर आत चीर. शंका आल्यास पाणी ओतून वाळू द्यावा. सगळा दगड सुकतो, चिरेची रेघ तेवढी ओली राहते. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी रामशेजच्या डोंगरातला दगड असाच पारखून आणला होता, आणि बांधकामास बारा वर्षे लागली, अशी जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चे. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात, वास्तविक हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, दोनशे वर्षांनंतरचा! ज्या पाथरवटांनी ते घडवले, त्यांचे नाव मात्र लोकांच्या तोंडी नाही.

आता घडाई. एक घनफूट काळा दगड सुमारे ८० किलो भरतो, त्यामुळे नुसता उलटवायचा म्हटला तरी पहार लागते. काव लावलेल्या दोरीने रेघ मारतात, सुतकीने जादा भाग उडवतात, मग टाकीने आधी चारी कडा सरळ करून घेतात. कडा गुण्यात आल्या की मधला फुगवटा त्या पातळीला आणायचा. या दगडावर टाकीची धार लवकर मरते. भात्यावर ती तापवून, ठोकून पुन्हा पाणी द्यावे लागते. पाणी कमी बसले तर धार वळते, जास्त बसले तर तुकडा उडतो. हल्ली यंत्राच्या चकतीने काप झटपट होतो, आणि ती वापरण्यात कमीपणा काही नाही. फक्त पाणी सोडून कापावे, कारागिराला डोळ्यांवर चष्मा व नाकाला मास्क द्यावा, आणि हा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

पायऱ्यांना आरशासारखी घोटाई करण्याचा आग्रह कोणी धरू नये. पावसाळ्यात म्हातारी माणसे घसरतात. तिथे टाकीचे घावच बरे.

आणखी एक विनंती. काम पुरे झाले की कोणी तरी भाविक ऑइल पेंटचे डबे घेऊन येतोच. भावना चांगली, परिणाम वाईट. नक्षीच्या खाचा बुजतात, काही पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात, पुन्हा वर रंग चढतो. पुढे कोणी तो वाळूच्या फवाऱ्याने काढायला गेला की रंगाबरोबर टाकीची रेघही जाते. धुळीला साधे पाणी आणि मऊ कुंचला पुरे. रंगासाठी जमलेली रक्कम शिखराच्या सांध्यांना व पन्हळीला लावावी. पाणी मुरते ते सांध्यात, आणि पिंपळही तिथेच रुजतो. तो बोटाएवढा असतानाच मुळासकट काढावा, मनगटाएवढा झाल्यावर दगड उतरवल्याशिवाय निघत नाही.