पोरांच्या हातातला मोबाईल

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं 2022 साली संध्याकाळी सातचा भोंगा सुरू झाला. भोंगा झाला की दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद. आपल्या वडगाव निंबाळकरात असा भोंगा नसला, तरी फोनला कुलूप घालता येतं. मुलाच्या अँड्रॉइड फोनला गुगलचं ‘फॅमिली लिंक’ ॲप जोडा. रोजची वेळ ठरवता येते, झोपेच्या वेळी फोन लॉक होतो, नवं ॲप तुमच्या परवानगीनंच उतरतं. घरात एकच फोन असेल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल’ चालू करून वयोगट निवडा, पिन घाला. पिन जन्मसालाचा नको. पोरं तो चटकन ओळखतात! एवढं करूनही ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.