लेबलाचं माप आधी, छपाई मग



ब्लाउज बेतायचा तर आपण आधी टेप हातात घेतो. पाव इंच चुकला तर बाही दंडाला काचते, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. पण मसाल्याच्या पाकिटाचं लेबल करताना आम्ही टेप विसरलो. आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

दिवाळीआधी आमच्या गटानं वऱ्हाडी मसाल्याची ५०० लेबलं छापून घेतली. संगणकावर मजकूर कसा ठसठशीत दिसत होता! हातात आली तेव्हा वजनाचा आकडा मुंगीएवढा, आणि ‘वऱ्हाडी’मधला ऱ्ह मोडलेला. पाय मोडका ऱ एकीकडे, ह दुसरीकडे. दुकानदारानं पाकिटं परत केली. पैसे गटाच्या बचतीतले होते, त्यामुळे बैठकीत मान वर करवेना.

चूक कुठे झाली, ते आम्ही शोधलं. पडद्यावर पान दीडपट मोठं करून पाहत होतो. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला, त्यानं मजकूर आणखी आकसला. आणि आमचा फॉन्ट छापणाऱ्याच्या संगणकात नव्हता. त्यानं दुसराच घेतला, त्याला आपला ऱ्ह जमला नाही.

मग संगणक शिकलेल्या आमच्यातल्याच एका मुलीनं एक छोटं साधन दाखवलं. पडद्यावरची फूटपट्टीच ती. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली की मिलिमीटर दाखवते. दुसरं काम असं, की आपला शब्द एकदा लिहिला की तो संगणकातल्या वेगवेगळ्या फॉन्टमध्ये एकाखाली एक दिसतो. साडीच्या दुकानात पदर उलगडून बघतो ना, तसंच. अशी साधनं फुकटही मिळतात.

पण पडद्यावरच्या पट्टीवर डोळे झाकून विसंबू नका. प्रत्येक पडदा वेगळा. आधी तिला खरं माप शिकवायचं. त्यासाठी आपलं एटीएम कार्ड पडद्याला टेकवा. कोणत्याही बँकेचं घ्या, त्याची लांबी ८५.६ मिलिमीटर असते. पट्टीवरही तेवढंच भरलं पाहिजे.

आता अक्षराच्या मापाचं. संगणकात ते पॉइंटमध्ये असतं. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्या हिशेबानं १० पॉइंट म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर. पण हे माप अक्षराला दिलेल्या जागेचं आहे, अक्षराचं नाही. मांडणीच्या खणाची उंची वेगळी आणि आतल्या डब्याची वेगळी. म्हणून एकाच १२ पॉइंटात एका फॉन्टचं अक्षर भरदार दिसतं, तर दुसऱ्याचं किरकोळ. पाकिटावरच्या निव्वळ वजनाचा आकडा कमीत कमी किती उंच हवा, हे सरकारी नियमात मिलिमीटरमध्ये दिलेलं आहे. तेव्हा पॉइंट मोजू नका, छापलेला आकडा मोजा. आपल्या पाकिटाला कोणती उंची लागू आहे, ते वैध मापन शास्त्र विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या.

फॉन्ट निवडताना ‘क ख ग’ लिहून बघू नका, आपलेच शब्द लिहा. ‘निव्वळ वजन’, ‘वऱ्हाडी’, ‘हळद’, ‘ॲल्युमिनियम’. ऱ्ह, ळ, ॲ, आणि आपल्या मराठी वळणाचे ल-श नीट उमटतात का, ते बघा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल विंडोजमध्ये मिळतो. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता फुकट मिळतो. दोन्हींत तोच शब्द लिहा, फरक लगेच कळेल.

शेवटी तीन गोष्टी. छापायला देताना पीडीएफ द्या आणि त्यात फॉन्ट आतच बांधून घ्या. छपाई १०० टक्के मापानं करायला सांगा. आणि लेबलाशेजारी १० सेंटीमीटरची एक रेघ काढून आधी एकच पान छापा. त्या रेघेवर शिवणाची टेप लावा. १० भरली तरच पुढचं छापा.

आम्ही ते एक पान गटातल्या आजींच्या हाती देतो. चष्म्याशिवाय त्यांना वजन आणि तारीख वाचता आली, की लेबल पास. पुढची लेबलं अशीच केली. दुकानदारानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि काही न बोलता फळीवर ठेवलं.

मैत्रिणींनो, मसाला आपण हातानं कांडतो. त्याचं नाव लोकांना वाचता येईल एवढं तरी मोजून छापू या.