‘जॉब कम्प्लीटेड’च्या पुढचं काम



सीप्झपासून मुलुंडपर्यंत आणि घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंतची सर्व्हर सांभाळणारी मंडळी आज एका छताखाली आहेत, तीही रविवारी, ऑन-कॉलचा फोन खिशात ठेवून. अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. मी मात्र रोज सकाळी येणाऱ्या एका ई-मेलवर बोलणार आहे. रात्रीचा बॅकअप झाला, असं सांगणारा तो मेल. तुमच्यापैकी किती जण तो उघडून वाचतात, हे हात वर करायला लावून विचारत नाही. तुमचे साहेबलोकही सभागृहात आहेत.

तो मेल एवढंच सांगतो, की एक प्रोग्राम सुरू झाला आणि संपला. डेटा परत मिळेल, हे त्यात कुठेच नसतं. ते आपल्या मनचं.

उपनगरातल्या कितीतरी सीएंच्या ऑफिसांत आणि पॅथॉलॉजी लॅबमध्ये बॅकअप म्हणजे टास्क शेड्युलरवर लावलेली रोबोकॉपीची बॅच फाइल असते. या रोबोकॉपीची तऱ्हाच न्यारी. फाइली नीट कॉपी झाल्या, तर तो १ हा कोड देतो. ० म्हणजे चूक काही नाही, पण कॉपी करण्यासारखंही काही सापडलं नाही. खरी गडबड ८ पासून पुढे. पण शेड्युलरच्या रकान्यात शून्याशिवाय काही दिसलं, की साहेब विचारतात, “हे काय?” मग कुणीतरी बॅच फाइलच्या शेवटी ‘एक्झिट ०’ ही ओळ घालतो. त्या दिवसापासून बॅकअप रोज यशस्वी. नॅसची वायर निघालेली असली तरी यशस्वी!

लिनक्सवाल्यांनी हसू नये. डेटाबेसचा डंप पाइपमधून जीझिपकडे पाठवला, की शेल निकाल सांगतो तो शेवटच्या कमांडचा. डंप पासवर्ड चुकून पहिल्या सेकंदालाच पडला, तरी जीझिप आपलं काम चोख करतो. जे काहीच आलं नाही, ते व्यवस्थित दाबून २० बाइटची फाइल ठेवून देतो. स्क्रिप्टमध्ये पाइपफेल लावलं, की हा प्रकार थांबतो. मायएसक्यूएलचा डंप असेल, तर फाइलची शेवटची ओळ पाहावी. डंप पूर्ण झाल्याची नोंद तो तिथे स्वतः लिहितो. ओळ नसेल, तर डंप अर्धवट आहे असंच धरून चालावं. आणि फाइलचा आकार कालच्या आकाराशी ताडून पाहायला कुठलंही महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

आपल्याकडेच असं होतं असं समजू नका. गिटलॅब तर प्रोग्रामरांचीच कंपनी. ३१ जानेवारी २०१७ला तिच्या एका अभियंत्याने भलत्याच सर्व्हरवरची डेटाबेसची डिरेक्टरी पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी हात थांबेपर्यंत साडेचार जीबी उरला. मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६वर चालत होता आणि डंप काढणारा प्रोग्राम ९.२चा, त्यामुळे डंप होतच नव्हता. क्लाउडवरची जागा रिकामी सापडली. अपयशाचे मेल निघत होते, पण त्यांना डीमार्क लावलेलं नसल्यामुळे ते समोरून नाकारले जात होते. शेवटी वाचवलं ते वेगळ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटने. मधल्या सहा तासांतला डेटा कायमचा गेला. कंपनीने हे सगळं लपवलं नाही, जाहीरपणे लिहिलं. त्याबद्दल मला तिचा आदरच वाटतो.

तिथे मेल येत नव्हता आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ ‘ठीक चाललंय’ असा घेतला होता. व्यवस्था याच्या उलट हवी. यशाची खूण ठरल्या वेळेत आली नाही, की आरडाओरडा झाला पाहिजे. आणि ओरडणारं यंत्र बॅकअपच्याच सर्व्हरवर नको, नाहीतर दोघं एकदमच गप्प होतील.

आता आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घेतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार २४ फेब्रुवारी २०२१ला सकाळी ११.४०च्या सुमारास थांबले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या होत्या, दोन्ही डळमळल्या. कारणांत रस्त्यावरचं खोदकामही निघालं, हे मुंबईकरांना समजावून सांगायला नको. त्या गोंधळात स्टोरेजची यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही आणि जोखीम सांभाळणारी प्रणाली बंद पडली. चेन्नईला पर्यायी केंद्र होतं. त्या दिवशी व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. बाजार पुन्हा उघडला तो पावणेचारला, आणि पाचपर्यंत चालवावा लागला.

त्यानंतर सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा कोलमडली, तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि तिथून ४५ मिनिटांत काम पुन्हा सुरू करायचं. पण मला या नियमापेक्षा २ मार्च २०२४चा शनिवार जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी सव्वानऊ ते दहा बाजार मुख्य केंद्रावरून चालला आणि साडेअकरा ते साडेबारा पर्यायी केंद्रावरून. खरे पैसे, खरे सौदे. १८ मेला पुन्हा तसंच केलं. अहवाल वाचून समाधान मानण्यापेक्षा वापरून पाहणं म्हणजे काय, ते असं. आपल्यातल्या एखाद्या दवाखान्याला किंवा पतपेढीला शेअर बाजाराएवढा खर्च झेपणार नाही. एक सुटीचा दिवस मात्र झेपतो.

बॅकअप कुठे ठेवायचा, यावर सकाळच्या सत्रात पुष्कळ बोलणं झालं, म्हणून एवढंच सांगतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. ऑफिस मरोळला आणि डिस्क मालकाच्या कुर्ल्यातल्या तळमजल्यावर, म्हणजे ‘दुसऱ्या जागी’, असं कुणी सांगितलं, तर त्याला मिठी नदीचा नकाशा दाखवा.

माझा खरा आग्रह पुढे आहे. रिस्टोअर करून पाहणारा माणूस बॅकअप घेणारा नसावा. आणि परत आलेला डेटा बरोबर आहे का, हे आपण सांगू नये.

हे कडू वाटेल. पण आपल्याला काय दिसतं? डेटाबेस सुरू झाला, टेबलं दिसतात, चेकसम जुळला. चेकसम एवढंच म्हणतो, की जे होतं तेच आलं. जे होतं तेच बिघडलेलं असेल तर? मार्च अखेरच्या नोंदी दुसऱ्याच फोल्डरमध्ये होत्या आणि तो फोल्डर जॉबमध्ये कधी घातलाच नव्हता, हे कुठल्या चेकसमला कळणार? ते लेखा विभागात वीस वर्षं काढलेल्या बाईंना दोन मिनिटांत कळतं. त्या ताळेबंद उघडतात आणि म्हणतात, “घाटकोपर शाखा कुठे गेली?”

हा प्रश्न संगणकाआधीचा आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती तीनशे वर्षं गावोगाव होत राहिल्या. ग्रंथ हरवला नव्हता, पाठ बिघडले होते. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ला, एकनाथांनी ते पारखून शुद्ध प्रत सिद्ध केली. नक्कल करणारे पुष्कळ होते. बिघाड ओळखायला ग्रंथ कळणारा माणूस लागला.

म्हणून व्यवस्थापकांना माझी विनंती आहे. बॅकअपचा अहवाल मागू नका. शेवटचं रिस्टोअर कधी झालं, कुणी केलं, किती तास लागले आणि आकडे कुणी तपासले, एवढं विचारा, आणि उत्तरावर लेखा विभागाची सही घ्या. त्यासाठी लागणारं रिकामं मशीनही द्या. जागा नाही म्हणून चाचणी होत नाही, हे मी उपनगरातल्या कार्यालयांत फार ऐकतो. त्याच कार्यालयांत मीटिंग रूममध्ये मोठा टीव्ही असतो. तासांचा आकडा कळला, की बाकीच्या चर्चा आपोआप शहाण्या होतात. डेटा परत यायला दोन दिवस लागतात हे एकदा कागदावर आलं, की वेगवान लिंकचं बिल कुणी अडवत नाही.

आपल्या मंडळींनाही एक सांगायचं आहे. चाचणीत रिस्टोअर फसलं, तर ती नोंद लपवू नका आणि ती लिहिणाऱ्याला कुणी झापू नका. फसलेल्या चाचणीचा कागद नसेल, तर पुढच्या वर्षी चाचणीच होणार नाही.

जेवणानंतर मागच्या खोलीत दोन रिकामी मशीन मांडली आहेत. ज्यांनी नमुना डेटाच्या डिस्क आणल्या असतील, त्यांनी त्या शेजाऱ्याच्या हाती द्याव्यात आणि सोबत फक्त आपली लेखी कृती द्यावी. स्वतः कीबोर्डला हात लावू नये. डिस्कवर ग्राहकांचा खरा डेटा असेल, तर ती बॅगेतच राहू द्या. दोन वाजता सुरू करू.