खडकावरचे कुरण

पहाडगंजच्या नावातच पहाड आहे. परंतु तेथील गल्लीत उभे राहून तो दिसत नाही. त्यासाठी झंडेवालानच्या अंगाने थोडे चालत जावे लागते. दिल्लीकर ज्याला ‘रिज’ म्हणतात, त्या अरवलीच्या शेवटच्या रांगेवर तेथे भुली भटियारीचा महाल नावाची एक पडकी वास्तू आहे. चौदाव्या शतकात, फिरोजशाह तुघलकाच्या काळी बांधलेले हे शिकारगृह.

शिकारगृह बांधावयाचे तर जवळपास शिकार हवी. आणि शिकार हवी तर चारा हवा. ही भूमी तर गारगोटीसारख्या कठीण खडकाची. मातीचा थर बोटभर आणि पावसाचे पाणी थांबत नाही. तरीही येथे हरणे जगत होती. ती पावसाळ्यातल्या गवतावर आणि बोर, हिवर, पळस यांच्या पाल्यावर.

अमेरिकेत शिकारीसाठी राखलेल्या माळांवर मालक हरणांसाठी मुद्दाम ओट, क्लोव्हर यांचे तुकडे पेरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकारीचा प्रश्न मिटला. चाऱ्याचा मात्र मिटलेला नाही. नव्या राजधानीच्या उभारणीच्या काळात इंग्रजांनी रिज हिरवी करण्यासाठी विलायती कीकर लावली. तीच आपली वेडी बाभूळ. तिने खडक झाकला. पण तिच्याखाली गवत फारसे वाढत नाही, आणि तिचा पाला जनावरे सहसा खात नाहीत. शेंगा मात्र गोड. नीलगाय त्या खाते आणि तिच्या लेंड्यांतून बी दूरवर पडते. भुकेलेला प्राणी आपल्या कुरणाच्या शत्रूचीच पेरणी करीत हिंडतो, असा हा प्रकार आहे.

मग खडकावर कुरण उभे राहील काय? राहते, परंतु नांगराने नव्हे. उतार जेथे आडवा धरता येईल तेथे दगडांच्या ओळी रचाव्या लागतात. वाहून जाणारी माती त्यांच्यामागे साचते. पहिल्या पावसात त्या मातीत मारवेल, पवन्या, अंजन अशा स्थानिक गवतांचे बी टाकावे किंवा ठोंब लावावेत. वेडी बाभूळ एकदम न तोडता टप्प्याटप्प्याने काढावी, नाहीतर उघडी पडलेली माती पहिल्याच वळवात जाते. आणि गवताचे मूळ धरेपर्यंत जागा चराईपासून राखावी. सर्वांत कठीण काम हेच. कारण तेवढा काळ तेथे दाखविण्याजोगे काहीच नसते.

महाराष्ट्रात मेळघाटातील बोरी, कोहा, कुंड आणि ताडोब्यातील नवेगाव, जामणी या गावांचे पुनर्वसन झाल्यावर त्यांच्या शेतांवर कुरणे झाली. तेथेही तण बी धरण्यापूर्वी उपटावे लागते. चितळ मुख्यतः गवतावर, सांबर बरेचसे पाल्यावर जगते. म्हणून कुरण आणि झाडी दोन्ही शेजारी हवीत. याउलट अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. तेथील काळवीट कुंपण ओलांडून भोवतालच्या शेतांत उतरतात आणि त्या चाऱ्याची किंमत शेतकरी भरतो.

सरकारी कागद हाताळणाऱ्या माझ्यासारख्याला येथे एक गोष्ट खटकते. १९५० साली वनमहोत्सव सुरू झाला तेव्हापासून आपण रोपे मोजतो. गवत मोजता येत नाही. म्हणून उत्तम माळ आपल्या कागदोपत्री बहुधा ‘पडीक’ ठरतो, आणि पडीक म्हटले की त्यावर झाडे लावण्याची घाई होते. हरणाच्या तोंडचा घास अशा वेळी एखाद्या शब्दानेच हिरावला जातो.

रिजच्या रस्त्यावर पुष्कळ सज्जन माकडांना केळी आणि पोळ्या घालताना दिसतात. त्यांच्या भूतदयेविषयी मला शंका नाही. परंतु घातलेला घास प्राण्याला रस्त्यावर, मोटारींपुढे आणतो. राखलेले गवत त्याला रानात ठेवते. फिरोजशाहाला हरीण रानात हवे होते ते मारण्यासाठी. आपल्याला ते जगण्यासाठी हवे असेल, तर हाताने घास देण्याचे समाधान सोडून दोन पावसाळे नुसती राखण करण्याचा संयम आपल्याला शिकावा लागेल.