वाफेचे युग आणि बडोद्याची गादी



गादीचे वारस म्हटले की तलवारी आठवतात. मल्हारराव १८७५ साली पदच्युत झाल्यावर मात्र महाराणी जमनाबाईंनी, इंग्रज सरकारच्या संमतीने, कवळाण्याहून आलेल्या मुलांतून वारस निवडला. बारा वर्षांचे, जवळजवळ निरक्षर गोपाळराव सयाजीराव झाले.

याच संस्थानात १८६२ साली डभोई-मियागाम रुळांवर बैल डबे ओढीत; वाफेची इंजिने नंतर रुळली. रूळ आधी, वाफ मागून! गोपाळरावांचेही तसेच. दत्तविधानाने गादी मिळाली. गती दिली ती विद्येने. तीच विद्या त्यांनी १९०६ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाने आणि १९१० पासून ग्रंथालयांद्वारे प्रजेपर्यंत नेली. गादीवर एकालाच बसता येते; वाचनालयाच्या बाकावर सर्वांना.