सूर्यस्फोट आणि अलिबागची वांकडी रेघ

पेणच्या अंगणांतून गणेशमूर्ति वाळत आहेत, रोह्यास कुंडलिकेच्या कांठीं ऊन पसरलें आहे. अशा दुपारीं सूर्यावर प्रचंड स्फोट झाला तरी तेथें कोणास त्याचा पत्ता लागत नाहीं. परंतु त्याच भागांत, अलिबागच्या समुद्रकांठीं, पृथ्वीचें चुंबकत्व टिपणारी रेघ अशा वेळीं एकाएकीं वांकडी होऊं शकते. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याचें चुंबकीय वेधकार्य १९०४ सालीं अलिबागेस सुरू करण्यांत आलें. नानाभॉय फ्रामजी मूस हे तेव्हां वेधशाळेचे प्रमुख होते.

रेघ वळते ती कां? सूर्यावरील चुंबकीय क्षेत्राची घडण अकस्मात् बदलली कीं त्यांतील ऊर्जा इलेक्ट्रॉनांस मिळते. ५० हजार व्होल्टांच्या दाबानें ढकललेला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या सुमारें दोन-पंचमांश वेगानें धांवतो. हे कण सूर्याच्या दाट थरांवर आदळून तीव्र क्ष-किरण सोडतात. रुग्णालयांतील क्ष-किरणनळींतहि हेंच घडतें. मात्र कणांच्या ऊर्जेचा जेमतेम लाखावा अंश या किरणांत जातो. उरलेली बहुतेक वायु तापविण्यांत खर्च होते. तापलेला वायु चुंबकीय कमानींत चढतो व सौम्य क्ष-किरण फेंकतो. सुमारें ८ मिनिटांनीं ते पृथ्वीच्या उच्च वातावरणांत पोंचून तेथील विद्युत्प्रवाह वाढवितात, आणि रेघ वळते. रात्रीं असें घडत नाहीं.

म्हणजे अलिबागेस दिसतें तें साखळीचें शेवटचें कडें. तीव्र क्ष-किरण हवा खालीं येऊं देत नाहीं. त्यांच्या भेटीस वरच जावें लागतें. २० मार्च १९५८ रोजीं बलूनमधील उपकरणानें सूर्यस्फोटांतील असे किरण टिपले. १९९२ सालीं जपानच्या योहको उपग्रहास त्यांचें एक उगमस्थान कमानीच्या माथ्याहूनहि वर आढळलें. कणांना वेग कोठें मिळतो याचा तो मोलाचा धागा ठरला. २ सप्टेंबर २०२३ रोजीं निघालेल्या भारताच्या आदित्य-एल१ यानावर सौम्य व तीव्र क्ष-किरणांसाठीं निरनिराळीं उपकरणें आहेत.

या किरणांच्या वर्णपटावरून इलेक्ट्रॉनांची संख्या व ऊर्जा मोजतां येते. अडचण एकच: मंद कणांचे किरण तप्त वायूच्या किरणांत मिसळून जातात, आणि बहुतेक ऊर्जा तर या मंद कणांपाशींच असते. त्यामुळें स्फोटाचा किती वांटा इलेक्ट्रॉनांस मिळाला, हा हिशेब अद्याप पुरा झालेला नाहीं. तो केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नव्हे. मोठ्या स्फोटाच्या वेळीं उजेडाच्या गोलार्धांत लघुलहरींचे संदेश बुडतात, आणि दूर समुद्रावरील खलाशाचा किनाऱ्याशीं संबंध तुटतो.