घर मोडायचे नाही, वाटा सोडायचा नाही
(पडेगाव येथील जाहीर सभेतील भाषण)



आजकाल एक प्रश्न चावडीवर, हॉटेलात आणि एस.टी.च्या थांब्यावर पुन्हा विचारला जातो. एवढा मोठा महाराष्ट्र हवाच कशाला? त्याचे दोन तुकडे करा, तीन करा, चार करा. विदर्भाला विदर्भ द्या, मराठवाड्याला मराठवाडा द्या आणि ज्याचे त्याने पाहावे! या प्रश्नाला आम्ही आज उत्तर देणार आहोत. मात्र प्रश्न विचारणाऱ्याला शिव्या देऊन आम्ही ते देणार नाही. वेगळे राज्य मागणे हा गुन्हा नव्हे. राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला नवी राज्ये करण्याचा अधिकार दिलेलाच आहे. तेव्हा मागणारा देशद्रोही नाही, महाराष्ट्रद्रोहीही नाही. बहुतेक वेळा तो तहानलेला माणूस असतो. त्याची तहान खरी आहे. त्याने विहीर कोठे खणावी, एवढाच आमचा आणि त्याचा वाद आहे.

प्रथम त्याची बाजू मांडू, आणि ती नीट मांडू.

१७ सप्टेंबर १९४८ ला आपण निजामाच्या राजवटीतून सुटलो. पाच जिल्ह्यांचा हा मुलूख. शाळा तोकड्या, रस्ते तोकडे, मायबोलीचे शिक्षण तर त्याहून तोकडे. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. त्यात लिहून ठेवले की, पैसा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटला जाईल, नोकऱ्यांत आणि धंदेशिक्षणात प्रत्येक विभागाला योग्य वाटा मिळेल, मागासलेल्या मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिले जाईल, आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे येईल. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण हैदराबाद सोडून मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठवाडा बिनशर्त आला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात.

पुढे काय झाले? १९७४ साली इथल्या विद्यार्थ्यांना विकासासाठी रस्त्यावर यावे लागले. १९८३ साली सरकारने दांडेकर समिती नेमली. तिने १९८४ मध्ये हिशेब मांडला आणि सगळ्या राज्याचा मिळून सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. घटनेच्या ३७१ व्या कलमात वैधानिक विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून होती, पण मंडळे प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडले. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली आणि ती वेळेवर वाढवली गेली नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आणि आपल्या या शहरात? पैठणचा नाथसागर एवढा जवळ, तरी गेल्या काही वर्षांत आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिलेली घरे याच सभेत बसलेली आहेत. कोणत्या तोंडाने त्यांना सांगायचे की, सगळे ठीक आहे?

सगळे ठीक नाही. हे आम्ही पहिल्यांदा सांगतो आणि मोठ्याने सांगतो.

दुसरी गोष्ट. छोट्या राज्यांच्या बाजूने जो सर्वांत मोठा माणूस बोलला, त्याचे नाव आपल्या पडेगावकरांना सांगायला नको. नागसेनवन इथून हाकेच्या अंतरावर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भाषिक राज्यांवर पुस्तिका लिहिली. एका राज्यात एकच भाषा असावी, पण एका भाषेचे एकच राज्य असावे असे नाही, हा त्यांचा मुद्दा. उत्तर प्रदेशाची तीन, बिहारची दोन, मध्य प्रदेशाची दोन राज्ये करा, असे त्यांनी सुचवले. मराठी मुलखाची त्यांनी चार राज्ये मांडली : मुंबई शहर, पश्चिम महाराष्ट्र, मध्य महाराष्ट्र आणि पूर्व महाराष्ट्र. आणि त्यांचे म्हणणे काळाने पुष्कळसे खरे केले. २००० साली छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड झाले. २०११ साली उत्तर प्रदेशाच्या विधानसभेने तर चार राज्यांचा ठराव केला, जरी तो पुढे कागदावरच राहिला.

मग आम्ही बाबासाहेबांच्या विरुद्ध बोलतो काय? नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, त्यांची पुस्तिका अर्धी वाचू नका, पुरती वाचा. त्यांच्या मध्य महाराष्ट्रात फक्त मराठवाडा नव्हता. त्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद तर होतेच, पण नाशिक होते, अहमदनगर होते, खानदेश होता, सोलापूरही होते. आता मनात नकाशा आणा. गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वराला, नाशिक जिल्ह्यात. दारणा, गंगापूर, भंडारदरा, निळवंडे, मुळा ही धरणे नाशिक आणि नगर जिल्ह्यांत. सगळे पाणी वाहत येते पैठणला. बाबासाहेबांच्या आराखड्यात वरचे आणि खालचे एकाच राज्यात होते. आजचा वेगळा मराठवाडा मागणारे काय मागतात? फक्त आठ जिल्हे. म्हणजे नदीचे शेपूट आपल्याकडे आणि डोके परक्या राज्यात!

काठी मारल्याने पाणी तुटत नाही म्हणतात. खरे आहे. पण सरहद्द मारली की पाणी तुटते बरे का, बाबांनो!

आज वरच्यांशी आपले भांडण आहे, पण ते एका घरातले आहे. या घराचा कायदा आहे. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. खोऱ्यातले पाणी समन्यायाने वाटावे, हे त्यात आले. २०१३ साली मेंढेगिरी समितीने सूत्र दिले की, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. २०१४ साली प्राधिकरणाने तसा आदेश दिला आणि २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. हे कोणी ताटात वाढून दिले नाही. मराठवाड्याच्या माणसांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवून ते मिळवले.

उद्या नाशिक-नगर दुसऱ्या राज्यात गेले, की हा कायदा आपल्या कामाचा राहणार नाही. मग आंतरराज्य तंटा. मग लवाद. लवादाला किती वेळ लागतो? कावेरीचा लवाद १९९० साली नेमला, त्याचा निवाडा आला २००७ साली आणि सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल २०१८ साली. अठ्ठावीस वर्षे! आपल्या मोसंबीच्या बागेला अठ्ठावीस वर्षे दम धरवेल काय? तेलंगण २०१४ साली वेगळे झाले, आणि कृष्णेच्या पाण्यावरून आंध्रशी त्याचे भांडण नव्याने सुरू झाले.

तेलंगणाचे नाव निघालेच आहे, तर तेही सांगतो. कारण तेलंगण आपला जुना शेजारी. एकाच निजामाच्या छत्राखाली आपण दोघेही भरडलो गेलो. लोक म्हणतात, त्यांना मिळाले, मग आपल्याला का नाही? त्यातला फरक पाहा. तेलंगण निघाले तेव्हा हैदराबाद शहर त्यांच्या पदरात पडले. तिथला कर, तिथले कारखाने, सगळे. आपण निघालो तर मुंबई आपल्या पदरात पडणार नाही. ज्या मुंबईसाठी १०६ हुतात्मे झाले, तिच्या तिजोरीवरचा हक्क आपण आपल्या हाताने सोडून द्यायचा? वडिलार्जित वाड्यातला हिस्सा सोडून परसातल्या गोठ्यात संसार थाटण्यासारखे आहे हे.

पण तेलंगणाचा दुसरा धडा मुंबईतल्या राज्यकर्त्यांसाठी आहे, आणि तो त्यांनी कान उघडे ठेवून ऐकावा. १९५६ साली तेलंगणालाही एक करार करून आंध्रात घेतले होते. नोकऱ्यांची हमी, पैशाची हमी, सगळे त्यात होते. तो पाळला गेला नाही. १९६९ साली तिथे वणवा पेटला आणि २०१४ साली घर मोडले. भाषा एक होती, तरी मोडले. नागपूर करार आपला, तो करार त्यांचा. एका भाषेने माणसे एकत्र येतात. दिलेला शब्द पाळला तरच एकत्र राहतात.

कुणी म्हणतं, आपला मुख्यमंत्री झाला की सगळे सुटेल. २८८ आमदारांत आपले ४६, आपले कोण ऐकणार? अहो, पण शंकरराव चव्हाण कुठले? शिवाजीराव पाटील निलंगेकर कुठले? विलासराव देशमुख, अशोक चव्हाण कुठले? सगळे मराठवाड्याचे. खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणजे शिवारात आपोआप पाणी येते, असे असते तर आजची ही सभा भरलीच नसती. आणि राजधानी जवळ आली म्हणून रयत सुखी होते, हे पडेगावकरांना तरी कुणी सांगू नये. पुढे याच वाटेवर दौलताबाद आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी तिथे आणली होती. त्यात रयतेचे हालच झाले.

शिवाय आठ जिल्ह्यांत तरी एकमत आहे काय? २००९ साली दुसरे विभागीय आयुक्तालय नांदेडला की लातूरला, एवढ्यावरून केवढा गदारोळ झाला! एका कचेरीसाठी हे, मग राजधानीसाठी काय होईल?

आता दलित बांधवांना दोन शब्द. बाबासाहेबांचा एक मुद्दा असा होता की, राज्य जितके मोठे, तितका त्यात अल्पसंख्याकांचा आणि अस्पृश्यांचा वाटा लहान होतो. तो मुद्दा हलका नाही. पण आपल्या मराठवाड्याचा अनुभवही समोर ठेवा. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ ला सबंध महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केला. त्यानंतर झोपड्या जळाल्या त्या कोठे? मराठवाड्यातच. सरकारने तो ठराव १९९४ च्या १४ जानेवारीपर्यंत लोंबकळत ठेवला, हा महाराष्ट्राच्या कपाळावरचा डाग आहे. पण फक्त मराठवाड्याची विधानसभा त्या वेळी असती, तर तो ठराव झाला तरी असता काय? याचे उत्तर ज्याने त्याने छातीवर हात ठेवून द्यावे.

आणखी एक. दांडेकर समितीच्या अनुशेषात सुमारे ३९ टक्के विदर्भाचा, सुमारे २४ टक्के मराठवाड्याचा आणि उरलेला ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राचा होता. म्हणजे उपेक्षा काही विभागाची शीव पाहून थांबत नाही. कोकणातला, धुळ्यातला गरीब आपल्याच पंगतीला उपाशी बसलेला आहे. त्याच्याशी भिंत घालून आपले पोट भरणार नाही. आणि सीमेवर? बीदर, भालकीकडचा मराठी मुलूख आपल्याच जुन्या हैदराबाद राज्यातून १९५६ साली म्हैसूरला गेला. बेळगावचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. तिकडचे मराठी बांधव महाराष्ट्रात यायला धडपडतात, आणि आपण महाराष्ट्रातून निघायची भाषा करायची!

मग करायचे काय? गप्प बसायचे? मुळीच नाही. आपल्याला जे मिळाले ते लढून मिळाले. १९५८ चे विद्यापीठ, १९८१ चे उच्च न्यायालयाचे खंडपीठ. म्हणून आमच्या मागण्या ऐका आणि गावोगाव सांगा.

एक, नागपूर करारात लिहिल्याप्रमाणे कोणत्या विभागाला किती पैसा दिला आणि किती खर्च झाला, याचा हिशेब दरवर्षी विधिमंडळापुढे आणि वर्तमानपत्रांत यावा. कागदावर मंजूर झालेला आणि शिवारात पोचलेला पैसा वेगवेगळा दाखवावा.

दोन, विकास मंडळांना पुन्हा पाच-पाच वर्षांच्या मेहेरबानीवर ठेवू नये. ती कायमची असावीत.

तीन, ६५ टक्क्यांचे सूत्र दरवर्षी कोर्टात न जाता पाळले जावे. ही रेषा खाली ओढण्याची भाषा कुणी काढली, तर आठही जिल्हे एकदम उठले पाहिजेत.

चार, नाथसागरातले पाणी आपल्या नळापर्यंत का येत नाही, याचा जाब आपण आपल्याच निवडून दिलेल्या माणसांना विचारावा. सगळेच खापर मुंबईच्या डोक्यावर फोडून इथल्यांना मोकळे सोडता येणार नाही. आडातले पाणी पोहऱ्यात आले नाही, तर दोष दोरी ओढणाऱ्याचा.

बंधुभगिनींनो, महाराष्ट्र आपण मागून घेतला, कुणी बक्षीस दिला नाही. तो आपला आहे तसा त्याचे कर्जही आपल्याकडे येणे आहे. येणे वसूल करायचे असेल तर घरातच ठाण मांडून बसावे लागते. घर सोडून गेलेल्याला कोणी देणे चुकवत नाही. म्हणून आम्ही सांगतो : वेगळे होऊ नका, आणि गप्पही राहू नका. पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी आपल्या आमदाराला एकच विचारा, आमचा हिशेब कोठे आहे?

जय महाराष्ट्र! जय हिंद!